बारावी बोर्डाची केमिस्ट्री: धडे कोणत्या क्रमाने करायचे आणि मार्क नेमके कुठे गळतात

बारावीच्या केमिस्ट्रीचं पुस्तक सोळा धड्यांचं आहे. बहुतेक विद्यार्थी ते सॉलिड स्टेटपासून ग्रीन केमिस्ट्रीपर्यंत छापलेल्या क्रमाने वाचत जातात. फिजिकलचे सहा धडे होईतो निम्मं वर्ष सरतं, ऑरगॅनिक घाईघाईत उरकलं जातं, आणि परीक्षेच्या तोंडावर लक्षात येतं की लॉग टेबल अजून नीट उघडलेलंही नाही. हा लेख महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावी केमिस्ट्रीपुरता आहे. कोणता धडा कशावर उभा आहे हे पाहून इथे क्रम लावला आहे, आणि प्रत्येक टप्प्यावर मार्क कुठे जातात ते दाखवलं आहे.

## आधी पेपरचा सांगाडा समजून घ्या

लेखी परीक्षा ७० मार्कांची, वेळ ३ तास, प्रॅक्टिकल ३० मार्कांचं. लेखी पेपरचे चार विभाग असे:

- विभाग अ: १० बहुपर्यायी प्रश्न आणि ८ एका वाक्यातले प्रश्न, प्रत्येकी १ मार्क. इथे ऑप्शन नाही.
- विभाग ब: २ मार्कांचे १२ प्रश्न, त्यातले कोणतेही ८.
- विभाग क: ३ मार्कांचे १२ प्रश्न, त्यातले कोणतेही ८.
- विभाग ड: ४ मार्कांचे ५ प्रश्न, त्यातले कोणतेही ३.

छापलेले सगळे प्रश्न मिळून ९८ मार्कांचे होतात, सोडवायचे ७०. हा २८ मार्कांचा फरक पाहून मुलं दोन-तीन धडे सरळ ऑप्शनला टाकतात. हिशोब वाटतो तितका सोपा नाही. विभाग अ मधल्या १८ मार्कांना ऑप्शन नाही आणि हे प्रश्न पुस्तकभर पसरलेले असतात. शिवाय टाकलेल्या धड्यांवर ब, क, ड मध्येही प्रश्न असतातच, म्हणजे ऐन पेपरात निवडीला जागा उरत नाही. ऑप्शनला टाकायचंच असेल तर एखादी लांबलचक व्युत्पत्ती टाका, अख्खा धडा नको.

इशारा: बहुपर्यायी प्रश्नात पर्यायाचं अक्षर आणि उत्तर, दोन्ही लिहावं लागतं. नुसतं अक्षर किंवा नुसतं उत्तर लिहिलं तर मार्क मिळत नाही. पहिल्यांदा लिहिलेलं उत्तरच तपासलं जातं, त्यामुळे नंतर खोडून दुसरं लिहिण्याचा उपयोग नाही.

### जवळ काय हवं

पाठ्यपुस्तक, लॉग टेबल, मागच्या तीन-चार वर्षांचे बोर्डाचे पेपर आणि दोन वह्या. एका वहीत फक्त गणितं. दुसरी ऑरगॅनिकच्या रिॲक्शनसाठी, शक्यतो लांब पानांची, कारण एकाच पानावर साखळी मावली पाहिजे. कॅल्क्युलेटर पहिल्या दिवसापासून कपाटात. परीक्षेत तो चालत नाही, आणि वर्षभर त्याच्यावर विसंबलेल्याला तीन तासांच्या पेपरात भागाकार करायलाही वेळ पुरत नाही.

## टप्पा १: अकरावीची डागडुजी (साधारण एक आठवडा)

बारावीचा धडा कळत नाही असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा अडलेलं अकरावीत असतं. सगळी अकरावी पुन्हा वाचायची गरज नाही. मोल आणि मोलर वस्तुमान, ऑक्सिडेशन नंबर, रेडॉक्स समीकरणं संतुलित करणं, १ ते ३० अणुक्रमांकांची इलेक्ट्रॉन मांडणी, आणि आययूपीएसी नावं, एवढं पुरे.

तपासणी: खालचे प्रश्न पुस्तक न उघडता दहा मिनिटांत सुटले तर पुढे जा.

१. ४.९ ग्रॅम सल्फ्युरिक ॲसिड म्हणजे किती मोल? (०.०५)
२. पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये क्रोमियमचा ऑक्सिडेशन नंबर किती? (+६)
३. क्रोमियम आणि कॉपर यांची मांडणी इतरांपेक्षा वेगळी कशी? (दोघांच्याही ४एस मध्ये एकच इलेक्ट्रॉन)
४. २-मिथिलब्युटेन-२-ऑल काढून दाखवा, आणि ते प्रायमरी, सेकंडरी की टर्शरी ते सांगा. (टर्शरी)

चौथा चुकला तर ऑरगॅनिक सुरू करू नका. नाव वाचून रचना काढता येत नसेल तर पुढचे चार धडे नुसती घोकंपट्टी होतात.

## टप्पा २: लॉग टेबल आणि एककं (चार दिवस, रोज अर्धा तास)

लॉग टेबल हा केमिस्ट्रीचा धडा नसल्यामुळे तो कोणी शिकवत नाही, आणि सहाही फिजिकल धड्यांत तो लागतो. एक गणित पूर्ण करून पाहू. (खाली ^ ही खूण घातासाठी आहे.)

कॉपरचा युनिट सेल एफसीसी (फेस सेंटर्ड क्युबिक), बाजू ३६१ पिकोमीटर, मोलर वस्तुमान ६३.५. घनता काढा.

- एफसीसी म्हणजे एका युनिट सेलमध्ये ४ अणू. अंश = ६३.५ × ४ = २५४.
- ३६१ पिकोमीटर = ३.६१ × १०^-८ सेंटिमीटर. घन करताना आकड्याचाही घन आणि घाताची तिप्पट: ३.६१ चा घन × १०^-२४.
- लॉग ३.६१ = ०.५५७५. तिप्पट १.६७२५. अँटीलॉग ४७.०४.
- छेद = ४७.०४ × १०^-२४ × ६.०२२ × १०^२३ = २८.३३.
- लॉग २५४ = २.४०४८. लॉग २८.३३ = १.४५२३. वजाबाकी ०.९५२५.
- अँटीलॉग: .९५ च्या ओळीत २ च्या रकान्यात ८९५४, मीन डिफरन्सच्या ५ खाली १०. बेरीज ८९६४. उत्तर ८.९६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर.

चुका ठरलेल्या जागी होतात. मीन डिफरन्स मिळवायचा राहतो. अँटीलॉगऐवजी पुन्हा लॉगचंच पान उघडलं जातं. घन करताना १०^-८ चं १०^-२४ न होता १०^-११ होतं, कारण गुणण्याऐवजी ३ वजा केले जातात. सर्वात जास्त मार्क खाणारी चूक मात्र बारची (लॉगच्या पूर्णांकावर काढायची ऋणाची आडवी रेघ). ०.०००६ चा लॉग टेबलवरून येतो बार ४.७७८२. त्याचा अर्थ −४ + ०.७७८२, म्हणजे −३.२२१८. मुलं तो −४.७७८२ असा उतरवतात आणि पीएच एका झटक्यात दीडने चुकतो.

यावर साधा उपाय आहे. संख्या आधी ६ × १०^-४ अशी लिहा. मग पीएच = ४ − लॉग ६ = ४ − ०.७७८२ = ३.२२१८. बार काढायची वेळच येत नाही.

तपासणी: वरचं कॉपरचं गणित कोऱ्या पानावर सात मिनिटांत झालं पाहिजे. उत्तर ८९.६ किंवा ०.८९६ आलं तर चूक कॅरेक्टरिस्टिकमध्ये (लॉगच्या पूर्णांकात) आहे. धातूची घनता साधारण किती असते याचा अंदाज असेल तर ही चूक जागीच पकडता येते.

## टप्पा ३: फिजिकलचे सहा धडे

क्रम: सॉलिड स्टेट, सोल्युशन्स, केमिकल कायनेटिक्स, आयोनिक इक्विलिब्रिया, थर्मोडायनॅमिक्स, इलेक्ट्रोकेमिस्ट्री. पुस्तकात कायनेटिक्स सहावा आहे. तो वर आणला, कारण तो कशावरच अवलंबून नाही आणि लॉगचा हात त्यावर चांगला बसतो. इलेक्ट्रोकेमिस्ट्री मात्र थर्मोडायनॅमिक्सच्या आधी करू नका, सेलचं व्होल्टेज आणि गिब्ज ऊर्जा यांचा संबंध हवेत लटकतो.

सॉलिड स्टेट. सिंपल क्युबिक, बीसीसी (बॉडी सेंटर्ड क्युबिक), एफसीसी: अणू १, २, ४, पॅकिंग अनुक्रमे ५२.४, ६८ आणि ७४ टक्के. त्रिज्या आणि बाजू यांचं नातं पाठ करण्यापेक्षा एकदा आकृती काढून सिद्ध करा. बीसीसीत अणू एकमेकांना घनाच्या मधल्या कर्णावर टेकतात, एफसीसीत पृष्ठभागाच्या कर्णावर. ही आकृती डोक्यात बसली की वर्गमूळ ३ कुठे आणि वर्गमूळ २ कुठे हा गोंधळ होत नाही.

सोल्युशन्स. मोलॅलिटी काढताना छेदात द्रावकाचं वस्तुमान किलोग्रॅममध्ये येतं, द्रावणाचं नव्हे. "१०० ग्रॅम द्रावणात ५ ग्रॅम" असं दिलं असेल तर द्रावक ९५ ग्रॅम. ऑस्मॉटिक प्रेशर ॲटमॉस्फिअरमध्ये दिलं असेल तर आर (वायू स्थिरांक) ०.०८२०५, बारमध्ये असेल तर ०.०८३१४. पदार्थ मीठ असेल तर व्हॅन्ट हॉफ फॅक्टर विसरू नका. पोटॅशियम फेरोसायनाइड पूर्ण सुटं झालं तर ५ आयन देतं, ११ नव्हे. सायनाइड लोखंडाला धरून राहतात.

कायनेटिक्स. पहिल्या क्रमाच्या गणितात "किती झालं" आणि "किती उरलं" यांची अदलाबदल होते. ७५ टक्के रिॲक्शन ६० मिनिटांत झाली, तर लॉगमध्ये १०० भागिले २५ जायला हवं. लॉग ४ = ०.६०२१, आणि रेट कॉन्स्टंट येतो ०.०२३१ प्रति मिनिट. १०० भागिले ७५ घेतलं तर ०.००४८ येतं, पाचपट कमी. पडताळा लगेच घेता येतो: ७५ टक्के म्हणजे दोन अर्धायुष्यं, म्हणजे अर्धायुष्य ३० मिनिटं, आणि ०.६९३ भागिले ३० बरोबर ०.०२३१.

अऱ्हेनियसच्या गणितात तापमान केल्विनमध्येच. २९८ वरून ३०८ केल्विनला वेग दुप्पट होत असेल तर ॲक्टिव्हेशन एनर्जी साधारण ५२.९ किलोज्यूल येते. हे उत्तर लक्षात ठेवा. १० अंशांना दुप्पट अशा गणितात शंभरपट मोठं किंवा छोटं काही आलं तर अंश सेल्सिअस तसेच राहिलेत किंवा ज्यूल-किलोज्यूल मिसळलेत.

आयोनिक इक्विलिब्रिया. गणितं सोपी, पण कोणतं सूत्र लावायचं तिथे घोळ. आधी ठरवा: तीव्र ॲसिड, सौम्य ॲसिड, बफर की क्षाराचं हायड्रोलिसिस? ०.०२ मोलर ॲसिटिक ॲसिडचा डिसोसिएशन कॉन्स्टंट १.८ × १०^-५ असेल, तर अल्फा (सुट्या झालेल्या ॲसिडचं प्रमाण) = ९ × १०^-४ चं वर्गमूळ = ०.०३. हायड्रोजन आयन ०.०३ × ०.०२ = ६ × १०^-४, पीएच ३.२२. शेवटी संहतीने गुणायचं राहून गेलं तर ०.०३ चाच पीएच निघतो, १.५२. सोल्युबिलिटी प्रॉडक्टमध्ये सिल्व्हर क्लोराइडसारख्याला विद्राव्यतेचा वर्ग, तर कॅल्शियम फ्लोराइडसारख्याला ४ गुणिले घन. तो ४ निम्म्या उत्तरपत्रिकांतून गायब असतो.

थर्मोडायनॅमिक्स. इथे गणितापेक्षा खुणा आणि एककं महत्त्वाची. वायू प्रसरण पावला तर काम ऋण. १ घन डेसिमीटर बार म्हणजे १०० ज्यूल. एन्थाल्पी आणि अंतर्गत ऊर्जा यांच्या फरकात मोल मोजायचे ते फक्त वायूंचे. एन्थाल्पी किलोज्यूलमध्ये देतात आणि एन्ट्रॉपी ज्यूलमध्ये, हा बोर्डाचा जुना सापळा. एन्थाल्पी बदल −११० किलोज्यूल, एन्ट्रॉपी बदल +४० ज्यूल प्रति केल्विन, तापमान ४०० केल्विन असेल तर ४० चे आधी ०.०४ करा: −११० − १६ = −१२६ किलोज्यूल. न करता लिहिलं तर −१६,११० येतं आणि ते आकडेही कोणाला खटकत नाहीत, हे विशेष.

इलेक्ट्रोकेमिस्ट्री. सहा धड्यांत सगळ्यात जास्त वेळ याला द्या. डॅनियल सेलवर सगळं बसवा. झिंक ॲनोड, कॉपर कॅथोड, प्रमाण व्होल्टेज १.१० व्होल्ट, २ इलेक्ट्रॉन. गिब्ज ऊर्जा = −२ × ९६५०० × १.१० = −२१२.३ किलोज्यूल. आता झिंक आयन ०.१ मोलर आणि कॉपर आयन ०.०१ मोलर घ्या. नर्न्स्टमध्ये लॉगच्या आत झिंक वर, कॉपर खाली: १.१० − ०.०२९६ × लॉग १० = १.०७०४ व्होल्ट. उलटं लिहिलं तर १.१२९६. पडताळा: जो आयन तयार होतो तो जास्त असेल तर सेलला मागे ओढतो, म्हणून व्होल्टेज १.१० पेक्षा कमीच यायला हवं.

इलेक्ट्रोलिसिसच्या गणितात मोल रेशो राहतो. २ अँपिअर, १९३० सेकंद: ३८६० कुलोंब, म्हणजे ०.०४ मोल इलेक्ट्रॉन, म्हणजे ०.०२ मोल कॉपर, म्हणजे १.२७ ग्रॅम. रेशो विसरलात की २.५४.

तपासणी: प्रत्येक धड्याची पाच गणितं, पुस्तक बंद, एककांसह. उत्तराला एकक नसेल तर ते गणित चुकलं असंच धरा. बोर्डाचे परीक्षकही त्यासाठी मार्क कापतात.

## टप्पा ४: ऑरगॅनिक, एकाच पानावर

हॅलोजन डेरिव्हेटिव्ह्ज, अल्कोहोल-फिनॉल-ईथर, अल्डिहाइड-कीटोन-कार्बोक्सिलिक ॲसिड, अमाइन्स. हे चार धडे सुटे वाचू नका, सलग तीन-चार आठवडे देऊन एकत्र करा. फिजिकल संपायची वाट पाहू नका. टप्पा ३ मधलं कायनेटिक्स झालं की दिवसाआड ऑरगॅनिक सुरू करा.

१. मोठ्या पानाच्या मधोमध ब्रोमोइथेन लिहा.

२. त्यातून निघणारे बाण काढा आणि प्रत्येक बाणावर अभिकर्मकासह परिस्थिती लिहा. पाण्यातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड इथेनॉल देतं, अल्कोहोलमधलं इथीन. पोटॅशियम सायनाइड नायट्राइल देतं, सिल्व्हर सायनाइड आयसोसायनाइड. पोटॅशियम नायट्राइट अल्काइल नायट्राइट देतं, सिल्व्हर नायट्राइट नायट्रोअल्केन. या तीन जोड्यांवर दरवर्षी काही ना काही विचारण्यासारखं असतंच.

३. प्रत्येक संयुगाखाली कार्बनची संख्या लिहा. ब्रोमोइथेन २, प्रोपेननायट्राइल ३. नायट्राइलचं मेंडियस रिडक्शन केलं तर प्रोपेन-१-अमाइन, ३ कार्बन. तेच नायट्राइल अर्धवट हायड्रोलाइझ करून प्रोपेनामाइड, तेही ३. त्यावर ब्रोमीन आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड घातलं की हॉफमन डिग्रेडेशन होऊन इथेनामाइन, आणि कार्बन पुन्हा २.

४. रूपांतराचा प्रश्न आला की आधी सुरुवातीचे आणि शेवटचे कार्बन मोजा. एक वाढला तर सायनाइड, एक कमी झाला तर हॉफमन, हा पहिला अंदाज. तितकेच असतील तर ऑक्सिडेशन, रिडक्शन किंवा सब्स्टिट्यूशन.

नावाच्या रिॲक्शनची यादी लांब आहे: फिंकेलस्टाइन, स्वार्ट्स, वुर्ट्झ, विल्यमसन, रायमर-टीमन, कोल्बे, रोझेनमुंड, स्टीफन, एटार्ड, गाटरमन-कॉख, क्लेमेन्सन, वोल्फ-किशनर, अल्डॉल, कॅनिझारो, गॅब्रिएल, सँडमायर, कार्बिलअमाइन. प्रत्येकीसाठी चार गोष्टी पाठ: कशापासून, काय घालून, काय मिळतं, कोणाला लागू नाही. चौथी गोष्ट मुलं सोडतात आणि प्रश्न बरोबर तिथून येतो. अल्डॉलला अल्फा हायड्रोजन लागतो, कॅनिझारोला तो नसावा लागतो. गॅब्रिएलने ॲनिलीन बनत नाही, कारण बेन्झीनच्या कड्याला चिकटलेला हॅलोजन सहज सुटत नाही.

टेस्टमध्येही तेच. टॉलेन्सची टेस्ट अल्डिहाइडला येते, फेलिंगची मात्र बेन्झाल्डिहाइडला येत नाही. ल्युकासमध्ये टर्शरी अल्कोहोल लगेच गढूळ होतं, सेकंडरी काही मिनिटांनी, प्रायमरी तापवल्यावर.

इशारा: बाणावर परिस्थिती न लिहिलेलं समीकरण अर्धवट. "पोटॅशियम हायड्रॉक्साइड" एवढंच लिहिलं, पाणी की अल्कोहोल ते नाही, तर परीक्षकाला मार्क देता येत नाही.

तपासणी: कोऱ्या पानावर वीस मिनिटांत ते जाळं पुन्हा काढा. निदान पंचवीस बाण आले पाहिजेत. न आलेले बाण लाल पेनने भरा. पुढच्या आठवड्यात फक्त लाल बाण पाहायचे.

## टप्पा ५: इनऑरगॅनिक

तीन धडे, पण क्रम असा: ट्रान्झिशन एलिमेंट्स, कोऑर्डिनेशन, शेवटी गट १६, १७, १८.

ट्रान्झिशनमध्ये एक चूक अशी की ती बरोबर उत्तर देऊन फसवते. आयन बनवताना इलेक्ट्रॉन आधी ४एस मधून जातात, मग ३डी मधून. एखाद्याने उलट केलं आणि फेरस आयनासाठी ३डी मध्ये ४ आणि ४एस मध्ये २ लिहिले, तरी सुटे इलेक्ट्रॉन ४ च निघतात आणि मॅग्नेटिक मोमेंट ४.९० च येतो. उत्तर जुळलं म्हणून तो पद्धत बदलत नाही. मग फेरिक आयन येतो: बरोबर मांडणीत सुटे ५, मोमेंट ५.९२, त्याच्या मांडणीत सुटे ३, मोमेंट ३.८७. तेव्हा सराव फेरिक आयनावर करा. १ ते ५ सुट्या इलेक्ट्रॉनांचे मोमेंट १.७३, २.८३, ३.८७, ४.९०, ५.९२ हे सहज पाठ होतात, परीक्षेत वर्गमूळ काढत बसायला लागत नाही.

कोऑर्डिनेशनमध्ये नाव, ईएएन (इफेक्टिव्ह ॲटॉमिक नंबर), हायब्रिडायझेशन या क्रमानेच जा. फेरोसायनाइड आयन: २६ मधून २ गेले, ६ लिगंडचे १२ आले, ३६. निकेल टेट्राकार्बोनिल: २८ अधिक ८, ३६. ऋण आयनात धातूच्या नावाला एट लागतं (फेरेट, कोबाल्टेट), धन किंवा उदासीन कॉम्प्लेक्सला नाही. लिगंड इंग्रजी वर्णक्रमाने लिहायचे. डाय, ट्राय हे उपसर्ग त्या क्रमात धरायचे नाहीत. अमोनिया असलेला कोबाल्ट तीनचा कॉम्प्लेक्स आणि फ्लोराइड असलेला, हे शेजारी शेजारी काढा. पहिल्यात सगळे इलेक्ट्रॉन जोडलेले, डी२एसपी३; दुसऱ्यात चार सुटे, एसपी३डी२. या एका जोडीत स्ट्राँग आणि वीक लिगंडचा सगळा धडा आला.

गट १६ ते १८ हा पाठांतराचा धडा आहे हे मान्य करून टाका. "कारणे द्या" मात्र नीट लिहा. फ्लोरीनची इलेक्ट्रॉन गेन एन्थाल्पी क्लोरीनपेक्षा कमी ऋण का? "आकार लहान" एवढ्यावर थांबू नका. लहान आकारामुळे आधीच्या इलेक्ट्रॉनांचं नव्या इलेक्ट्रॉनाशी प्रतिकर्षण वाढतं, हे दुसरं वाक्य लिहिल्याशिवाय कारण पूर्ण होत नाही. सल्फ्युरिक ॲसिडची कॉन्टॅक्ट प्रोसेस, व्हॅनॅडियम पेंटॉक्साइड उत्प्रेरकासकट, आणि झेनॉनच्या फ्लोराइडांचे आकार हे करून ठेवा.

## टप्पा ६: तीन छोटे धडे

बायोमॉलिक्यूल्स, पॉलिमर, ग्रीन आणि नॅनो. शेवटी असल्यामुळे उपेक्षित, आणि मार्कांच्या मानाने सगळ्यात स्वस्त. पॉलिमरसाठी फक्त मोनोमरचा तक्ता: नायलॉन ६ कॅप्रोलॅक्टमपासून, नायलॉन ६,६ हेक्सामेथिलीनडायअमाइन आणि ॲडिपिक ॲसिडपासून, टेरिलीन इथिलीन ग्लायकॉल आणि टेरेफ्थॅलिक ॲसिडपासून, निओप्रीन क्लोरोप्रीनपासून. ग्रीन केमिस्ट्रीची १२ तत्त्वं आणि ॲटम इकॉनॉमीचं सूत्र एका संध्याकाळचं काम. ग्लुकोजच्या रिॲक्शन मात्र रचनेसह लिहून पाहा.

## टप्पा ७: प्रॅक्टिकल आधी येतं, हे विसरू नका

लेखी परीक्षेच्या आधी प्रॅक्टिकल होतं, आणि जर्नल अपुरं असल्यामुळे तिथे मार्क घालवणं हा निव्वळ आळस. टायट्रेशनमध्ये पोटॅशियम परमँगनेटचा रंग गडद असल्यामुळे ब्युरेटचं वाचन वरच्या कडेने घ्या. ऑक्झॅलिक ॲसिड असेल तर ते ६० ते ७० अंशांपर्यंत गरम करून टायट्रेट करा. मोहर सॉल्ट मात्र गरम करायचं नाही, फेरस आयन हवेनेच ऑक्सिडाइझ होतो. फिकट गुलाबी रंग दिसला की थांबा. गडद जांभळा आला म्हणजे पुढे गेलात.

## टप्पा ८: जुने पेपर आणि ते तीन तास

शेवटच्या महिन्यात आठवड्याला एक पूर्ण पेपर, घड्याळ लावून, एका बैठकीत. वेळेची वाटणी: विभाग अ २५ मिनिटं, क ६५, ब ४०, ड ३०, उरलेली २० तपासायला. क आधी घ्या असं मुद्दाम सुचवतो. २४ मार्कांचा हा विभाग हात आणि डोकं ताजं असताना झालेला बरा.

पेपर हातात आल्यावर ब, क, ड मधले सोडवायचे प्रश्न पेन्सिलने खूण करून ठरवा. गणितं आणि रिॲक्शनचे प्रश्न आधी निवडा, त्यांत पूर्ण मार्क मिळू शकतात. "फरक सांगा" आणि टिपा नंतर. प्रत्येक गणितात चार ओळी दिसल्या पाहिजेत: दिलेलं, सूत्र, किंमती भरलेलं सूत्र, एककासह उत्तर. लॉगमध्ये घसरलात तरी पहिल्या तीन ओळींचे मार्क हातात राहतात. लॉगचं रफ काम पानाच्या उजव्या बाजूला चौकट आखून करा, म्हणजे शेवटच्या वीस मिनिटांत चूक शोधायला तीच जागा पाहता येते.

सीईटीही द्यायची असेल तर तिथे केमिस्ट्रीचे ५० प्रश्न प्रत्येकी १ मार्काचे, आणि फिजिक्सच्या ५० प्रश्नांसह मिळून ९० मिनिटं. एका प्रश्नाला मिनिटही येत नाही. बोर्डाचा लेखी पेपर संपल्यावर या सरावासाठी नवी पुस्तकं घेऊ नका. गणितांच्या त्याच वहीतली गणितं चार ओळी न लिहिता, फक्त अंदाजी आकड्यांवर सोडवायला लागा: २.३०३ ला २.३, ०.०५९२ ला ०.०६, आणि पर्यायांत जे सर्वात जवळचं ते उत्तर.